दहावीचं वर्ष आणि दहावा नंबर

सर, नमस्कार.

धावपटू ललिता बाबरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून राग आला, म्हणून त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जी रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये दहावी आली, पदकाविना परतली आणि पुढे धावणं सोडून तहसीलदाराच्या खुर्चीत बसली, तिला मुलींपुढे आदर्श म्हणून कशाला ठेवायचं? हजारांत एखादी पुढे जाते, बाकीच्यांचे गुडघेही जातात आणि दहावीचं वर्षही. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात, अशा मुली पाहिल्यात, तेव्हा हे हवेतून आलेलं नाही हे मला कळतं.

गुडघ्यांपासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. मी मुलींना जिथे धावायला शिकवते ते आमच्या शाळेचं मैदान मुरमाचं आहे आणि बहुतेकींच्या पायात शाळेच्या गणवेशातलेच कॅनव्हासचे बूट. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीची नडगी दुखत होती. मला ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. सांगितलं तर बाई संघातून काढतील या भीतीनं ती गप्प धावत होती. ती चूक माझी. आणि लेखात मी काय केलं? माण तालुक्याच्या दुष्काळावर तीन परिच्छेद लिहिले, बुटांवर एक ओळही नाही. दुष्काळानं कुणी धावपटू होत नाही हो, नाहीतर माण-खटावात घरटी एक असती. मोहीसारख्या गावात खो-खो खेळणारी एक पोर तिथून ऑलिंपिकपर्यंत गेली, ती दुष्काळामुळे नव्हे, त्याच्या नाकावर टिच्चून.

आता दहाव्या नंबराबद्दल. इथे मात्र मी हटणार नाही.

३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे नुसती लांब पल्ल्याची शर्यत नाही. वाटेत २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे. १०० मीटरच्या अडथळ्यांसारखे हे पाय लागला की आडवे पडत नाहीत. जाड लाकडी तुळई असते, चुकलात तर तुम्हीच पडता. बायकांसाठी तिची उंची ७६.२ सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपल्या वर्गातल्या बाकाएवढी. मी हे मुलींना सांगून पाहिलं, डोळ्यांत काही उमटलं नाही. मग एका शनिवारी सातवी-ब मधले चार बाक मैदानात आणले (शिपाईमामा अजून बोलत नाहीत माझ्याशी) आणि म्हटलं, घाला एकेक फेरी. उडी मारायची नाही, बाजूनं हात लावून जायचं. तिसऱ्या फेरीला निम्म्या मुली बसल्या. तेव्हा सांगितलं, ललितानं रिओच्या अंतिम फेरीत ९ मिनिटं २२.७४ सेकंद घेतले, म्हणजे सरासरी दर सोळा सेकंदांना एक अडथळा, पस्तीस वेळा. एक जण धापा टाकत म्हणाली, "बाई, आन् पाण्यात पडल्यावर बूट वले झाले तर?" तसेच ओले बूट घेऊन पळायचं, म्हटलं.

त्या अंतिम फेरीच्या दोन दिवस आधी, १३ ऑगस्ट २०१६ला, पात्रता फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई त्याआधी कोण, तर १९८४ची पी. टी. उषा. मध्ये ३२ वर्षं. उषाचं ब्रॉंझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं, ५५.४२ आणि ५५.४१. तुमच्या मापानं तीही बिनपदकाचीच, पण तुमच्या शाळेत तिचा फोटो होता की नव्हता, खरं सांगा.

ललिताचं तसं काही हुकलं नाही, हेही मान्य करते. ब्रॉंझ तिच्यापासून पंधरा सेकंद दूर होतं. लेखात मी "पदकानं हुलकावणी दिली" असं लिहिलं, तो वाक्प्रचार चुकीचा. ती जगात दहावी होती, तेवढं पुरे. पुरुषांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये १९२०पासून आहे, बायकांना ती मिळाली २००८मध्ये. ललिताची रिओ म्हणजे त्यांची जेमतेम तिसरी खेप. आणि पदक हेच माप धरायचं तर त्या दिवशी सुवर्ण जिंकणाऱ्या बहारीनच्या रूथ जेबेटवर पुढे उत्तेजकासाठी चार वर्षांची बंदी आली. पदक तिच्याकडेच आहे, कारण नमुना रिओनंतरचा होता. तिचा फोटो लावू का वर्गात?

त्या ९:१९चं पुढे काय झालं तेही सांगते. तो विक्रम सात वर्षं टिकला आणि २०२३मध्ये बुडापेस्टला मेरठकडच्या पारुल चौधरीनं ९:१५.३१ धावून मोडला.

तुम्ही ज्या खुर्चीला हसलात, तिच्यावरून मी जास्त विचार केला. मुलींना स्टीपलचेस आवडते, पण सकाळी सहाला मैदानावर पाठवायचं की नाही हे मुली ठरवत नाहीत. ठरवतो बाप, नाहीतर आजी. त्यांना ९:१९ सांगून काय उपयोग? "धावपटू होती, सरकारनं थेट अधिकारी केली" एवढं ऐकलं की दार उघडतं. यात लबाडी आहे, मला माहीत आहे. ती थेट नेमणूक आंतरराष्ट्रीय कामगिरीला मिळते, तालुक्यात दुसऱ्या आलेल्या मुलीला नाही. म्हणून मी पालकांना पुढचंही सांगते : दहावीला मिळणारे खेळाचे सवलतीचे गुण, नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण आणि त्यासाठी कोणत्या पातळीची प्रमाणपत्रं लागतात ते, पोलीस भरतीतली मुलींची ८०० मीटर. आमच्या मैदानावरची खरी हिरोइन विचाराल तर ललिता नाहीच. तीन वर्षांपूर्वी इथून भरती झालेली एक मुलगी आहे, सुट्टीला आली की ट्रॅकसूट घालून मैदानाच्या कडेला उभी राहते. लहान पोरी आधी तिचे बूट बघतात, मग तिला.

दहावीच्या वर्षाबद्दल : नववीच्या शेवटी मी सराव आठवड्याला तीन दिवसांवर आणते. ज्या मुली तरीही नापास झाल्या, त्यांच्यातल्या दोघी धावत नव्हत्याच. हा पुरावा नाही, फक्त माझ्या वर्गातली गोष्ट.

त्या नडगीवाल्या मुलीला आता बरे बूट मिळालेत, गावातल्या एकानं दिले. परवा तिचे वडील ऊस तोडून येताना शाळेच्या फाटकाशी थांबले. सायकल हातात, उतरले नाहीत नीट. म्हणाले, "बाई, तहसीलदाराला पगार किती असतो?" मी अंदाजानं आकडा सांगितला. ते थोडा वेळ मैदानाकडे बघत राहिले, तिथे अजून आमचे चार बाक उन्हात पडलेले होते.

"आन् त्या पाण्यात उडी मारावीच लागती का?"