तीसपैकी उणे दीड

आमची मुलगी इथे लंडनच्या हॅरोत इयर इलेव्हनला, म्हणजे आपल्या हिशेबाने दहावीला. सराव परीक्षेत तिला शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातल्या लेडी मॅकबेथवरच्या, म्हणजे मॅकबेथच्या बायकोवरच्या निबंधाला ३० पैकी २२ मिळाले. "आठ गेले कुठे?" हा प्रश्न आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. मीही विचारला.

"बाबा, तूच बघ," म्हणत तिने पेपर पुढे टाकला.

मी अकाउंट्समधला माणूस. लाल पेन काढलं आणि आमच्या एसएससीच्या रिवाजाने तपासायला घेतलं. स्पेलिंग चुकलं, अर्धा मार्क. समास सोडला नाही, एक. मुद्द्याखाली रेघ नाही, अर्धा. तिसऱ्या पानावर पोरगी उणे दीडवर आली.

"इथे कापत नाहीत रे. जे लिहिलंय त्याचे देतात."

परीक्षेत न कापणारे मास्तर मी जन्मात पाहिले नव्हते. मग तिने मार्क स्कीम, म्हणजे मार्क कसे द्यायचे त्याचा तक्ता, उघडली. सहा पातळ्या, प्रत्येकी पाच मार्कांच्या. तपासणाऱ्याने तळापासून एकेक पायरी चढत जायचं आणि उत्तर जिथे अडेल तिथे थांबायचं. सापशिडीच, फक्त साप नाहीत. १६ ते २० 'क्लिअर', २१ ते २५ 'थॉटफुल', २६ ते ३० 'कन्व्हिन्सिंग'. म्हणजे निबंध विशेषणांनी तोलतात! पण मी विचारपूर्वक केलेलं या घरात कुणाला कधी पटलेलं नाही, तेव्हा दोन्हींत अंतर असणार हे मान्य केलं.

खाली आकडे दिसल्यावर जिवात जीव आला. मुद्दा आणि अवतरणं १२, भाषेची कारागिरी १२, काळाचा संदर्भ ६. बेरीज ३०. टॅली झालं!

"ते वेगवेगळे देत नाहीत. सगळं मिळून एकच आकडा."

खतावणीत खाने आखायचे आणि भरायचे नाहीत, ही कुठली पद्धत? शुद्धलेखनाचे ४ मार्क मात्र वेगळे, तेही शेक्सपिअर आणि आधुनिक पुस्तकाच्या प्रश्नालाच. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीवर लिहिताना नाहीत. डिकन्सने कुणाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

भाषेची कारागिरी म्हणजे आपलं रसग्रहण. त्यात मी पक्का. 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत' हे एक वाक्य मला पाचवीपासून दहावीपर्यंत पुरलं. कविता कुठलीही असो, पावसाची किंवा शहिदाची. पोरीने काय केलं होतं? खून करून आलेल्या मॅकबेथला वाटतं, या हातांनी समुद्र लाल होईल; बायको म्हणते, थोड्या पाण्याने जाईल. त्या 'थोड्या पाण्या'वर तिने अर्धं पान लिहिलं होतं, पार शेवटी ती झोपेत हात चोळते तिथपर्यंत नेऊन. वाचून मी पेनाला टोपण लावलं.

पण पुढच्याच ओळीत, सुटत्या एसटीत कुणी बोचकं फेकावं तसं, '१६०५ मध्ये गनपावडर कट झाला.' समासात बाईंचे दोनच शब्द: 'सो व्हॉट?' आठातले बरेचसे इथेच पडले असावेत. राजाला संसदेसकट उडवायचा तो कट खरा होता, पण तो थोड्या पाण्याशी जोडायचा राहिला होता.

मलाही खुमखुमी आली. पाऊण तास बसून निबंध लिहिला. सुरुवात 'थोर नाटककार' अशी, मग पहिल्या चेटकिणीपासून शेवटच्या मुंडक्यापर्यंत अख्खी गोष्ट, एकही पात्र न वगळता. अक्षर मोत्यासारखं. कन्येने सात दिले. दुसरी पातळी.

"गोष्ट त्यांना माहीत असते, बाबा."

जेवताना बायकोने सहज विचारलं, "आमटी कशी झालीय?"

माझ्या डोक्यात अजून तो तक्ता. नीट, स्वच्छ, समजून केलेली. "चौथी पातळी," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"पातळ?" तिने डाव खाली ठेवला. "सकाळपासून डाळ घोटतेय मी, आणि पातळ?"

मी मदतीसाठी मुलीकडे बघितलं. ती पोळी मोडत म्हणाली, "सोळा ते वीस, आई."