मराठीत ब्लॉग लिहून चार पैसे मिळवायचे असतील तर

मराठीत ब्लॉग लिहून पैसे मिळतात का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा जाहिरातींचेच पैसे असतात. माझे उत्तर असे की पैसे मिळतात, पण जाहिरातींच्या पैशांत फार तर इंटरनेटचे आणि विजेचे बिल भागते. खरे उत्पन्न ब्लॉगच्या पानावर होत नाही, ब्लॉगमुळे जे काम चालून येते त्यातून होते. सहकारी बँकेतली नोकरी संपल्यावर मी खाती, ठेवी, नॉमिनी आणि वारसांचे दावे या विषयांवर मराठीत लिहायला लागले आणि अजूनही लिहिते आहे, त्यामुळे पुढचे सगळे विवेचन याच एका कोपऱ्यातून केलेले आहे, हे आधीच सांगते. पाककृती किंवा प्रवास यांवर लिहिणाऱ्यांचा अनुभव थोडा निराळा असू शकेल.

आधी जाहिरातींचा हिशोब पाहू. ब्लॉगच्या पानावर जाहिराती लावून त्यांच्या पैशांत लेखकाला वाटा देणारी गूगलची सेवा म्हणजे गूगल ॲडसेन्स; ते २००३ साली सुरू झाले; हिंदीला त्यात २०१४ च्या अखेरीस प्रवेश मिळाला आणि मराठीला त्यानंतर आणखी काही वर्षांनी. जाहिरातदार जी रक्कम मोजतो तिच्यातला सुमारे ६८ टक्के वाटा लेखकाला मिळतो. ऐकायला हे प्रमाण उदार वाटते, पण मूळ रकमेचेच काय, हा खरा प्रश्न आहे. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने एक पिन क्रमांक येतो आणि १०० डॉलर पूर्ण झाल्याशिवाय बँकेत एक पैसाही जमा होत नाही. समजा, हजार वेळा पान उघडले गेल्यावर तुम्हाला अर्धा डॉलर मिळतो आहे. मग पहिले १०० डॉलर हाती यायला ते पान दोन लाख वेळा उघडले जावे लागेल. आठवड्याला एक लेख लिहिणाऱ्या, नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाने या गणितावर संसाराचा बेत आखू नये.

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटींहून अधिक आहेत, मग दर इतका कमी का, असे कोणीही विचारील. माझ्या समजुतीप्रमाणे कारण भाषेच्या दर्जात नाही, लिलावात आहे. पानावरची प्रत्येक जागा त्या क्षणी लिलावात निघते आणि ज्या वाचकावर बोली लावणारे अनेक असतात त्याची किंमत चढते. पुण्या-मुंबईतला कमावता मराठी माणूस इंग्रजी पानेही वाचतो, तेव्हा विमा किंवा गृहकर्ज विकणाऱ्या कंपनीला तो तिथेच सापडतो. त्याच्यासाठी मराठी पानावर वेगळी बोली लावण्याची तिला गरज वाटत नाही. उलट ज्या व्यापाऱ्याला खास मराठी गिऱ्हाईकच हवे आहे, तो सांगलीचा सराफ किंवा दादरचा साडीवाला, या लिलावात फारसा उतरत नाही. तो अजून स्थानिक वर्तमानपत्र, रिक्षामागचा फलक आणि ओळखीच्या माणसाचा व्हॉट्सॲप ग्रुप यांवरच विसंबून असतो. ही दरी गूगल बुजवणार नाही. ती लेखकानेच स्वतः जाऊन बुजवायची असते आणि त्याविषयी पुढे सांगते.

या कमी दरावर मात करण्याचा एक रूढ मार्ग म्हणजे गर्दी जमवणे. मराठीत ज्या पानांवर खरोखर गर्दी असते त्यांचे विषय ठरलेले आहेत: नोकरभरतीच्या जाहिराती, सरकारी योजना, सातबारा उतारा कसा काढावा, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि शाळकरी मुलांचे निबंध. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळणार हे कळले आणि पाहता पाहता त्या एका विषयावर पानांचे पेवच फुटले. त्यातले एखादे पान कसे असायचे ते आठवून पाहा: वर ‘यादीत आपले नाव पाहा’ असे ठळक बटण, त्याखाली जाहिरात, मग तीच माहिती तीन वेगवेगळ्या शब्दांत, पुन्हा जाहिरात, मग ‘आमच्या ग्रुपला जॉइन व्हा’, आणि शेवटपर्यंत यादीचा पत्ता नाही. त्या पानावर आलेली बाई चरफडत मागे फिरते आणि पुन्हा त्या ब्लॉगचे नावही काढत नाही. अशा पानांनी काही जणांना त्या दोन-चार महिन्यांत बरे पैसे मिळवून दिले असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रेल्वेच्या फलाटावरून जाणाऱ्या गर्दीला आपले गिऱ्हाईक समजण्यासारखा हा प्रकार आहे. योजना जुनी झाली की गर्दी पुढच्या विषयाकडे जाते आणि लेखकालाही तिच्यामागे धावावे लागते. शिवाय मार्च २०२४ पासून गूगलने केवळ क्रमवारीत वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्ध स्पष्ट धोरण आणलेले आहे, त्यामुळे हा धंदा पूर्वीइतका बिनधोकही राहिलेला नाही.

गर्दी आणि वाचकवर्ग यांतला फरक मला माझ्या विषयात फार स्पष्ट दिसला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. त्या दिवसांत ठेव विम्यावरच्या, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या भरपाईवरच्या, माझ्या जुन्या लेखावर घाबरलेल्या लोकांची रीघ लागली. त्या वेळी विम्याचे संरक्षण १ लाखापर्यंतच होते. ते ५ लाख झाले ४ फेब्रुवारी २०२० पासून. आलेल्यांपैकी बहुतेक जण आकडा वाचून निघून गेले, ते साहजिकच होते. पण काही जणांनी त्याच बैठकीत नॉमिनीवरचा लेख वाचला, मग संयुक्त खात्यावरचा, आणि कळवले की पुढचा लेख आला की आम्हाला पाठवा. माझा वाचकवर्ग म्हणजे ही मंडळी. ती संख्येने थोडी असतात, पण तुमच्या नावाने येतात, लेखातली चूक दाखवतात, आणि शेजाऱ्याला अडचण आली की त्याला तुमचा लेख नेऊन देतात.

असा वाचक टिकवण्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात आणि दोन्ही कंटाळवाण्या आहेत. पहिली म्हणजे वाचकाच्या अडचणीपासून सुरुवात करणे. बँकेच्या परिपत्रकात ‘मयत ठेवीदाराच्या दाव्यांचे निवारण’ असे लिहिलेले असते. लोक मोबाइलवर ‘वडील वारले, खात्यातले पैसे कसे काढायचे’ असे शोधतात, आणि तेही पुष्कळदा रोमन लिपीत लिहून किंवा नुसते बोलून. लेखाचे शीर्षक दुसऱ्या प्रकारचे हवे आणि पहिल्या परिच्छेदात उत्तर हवे: नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला, नॉमिनीचे ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज, खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला चालवू शकतो असे संयुक्त खाते) असेल तर काम बहुधा आणखी सोपे, आणि नॉमिनीच नसेल तर हमीपत्र, इतर वारसांची ना-हरकत, रक्कम मोठी असल्यास वारसा प्रमाणपत्र. त्यानंतर पुढच्या ओळीतच सांगायला हवे की नॉमिनीच्या हाती पैसे आले म्हणून तो त्यांचा मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने ते स्वीकारतो. घरोघरी भांडणे होतात ती याच ओळीवरून, आणि परत येणारे वाचकही मला जास्तीत जास्त याच ओळीने दिले.

दुसरी गोष्ट जुने लेख दुरुस्त करत राहण्याची. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ पोर्टल आले आणि निरनिराळ्या बँकांत पडून राहिलेल्या बेवारस ठेवी एकाच ठिकाणी शोधता येऊ लागल्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्याला चार नॉमिनी लावता येऊ लागले, एकत्र वाटा ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने, आणि लॉकरसाठी मात्र केवळ क्रमानेच. असा प्रत्येक बदल झाला की जुन्या लेखांची उजळणी करावी लागते, तारीख घालावी लागते, आणि नव्या लेखाला जो उत्साह येतो तो इथे अजिबात येत नाही. तरीही नवे चार लेख लिहिण्यापेक्षा जुना एक लेख बिनचूक ठेवणे मला अधिक फायद्याचे वाटते, कारण पैशाच्या बाबतीत चुकीची माहिती वाचून बँकेत हेलपाटा घातलेला माणूस पुन्हा विश्वास ठेवत नाही.

वाचकांपर्यंत पोहोचण्याच्या वाटा आपल्या मालकीच्या नसतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्तस्वकीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे ठरवले तेव्हा फेसबुकवरच्या आपल्या पानांवर विसंबलेल्या लेखकांची पोहोच घटली आणि तेव्हापासून ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’ हा मराठी फेसबुकचा जणू मंगलश्लोकच झाला आहे. व्हॉट्सॲपवर लेख वाऱ्यासारखा पसरतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या ग्रुपपर्यंत जाता जाता लेखकाचे नाव गळते, खाली ‘साभार’ एवढेच उरते, आणि दैव जोरावर असेल तर तोच लेख एखाद्या नामवंत नटाच्या नावाने आपल्यालाच परत येतो. (तक्रार केली तर ‘विचार महत्त्वाचा, नाव कशाला’ हे वर ऐकावे लागते.) मी म्हणून ईमेल पत्त्यांची यादी सांभाळते. मराठी वाचक ईमेल वाचत नाही अशी समजूत आहे. पण बँक, पेन्शन आणि परदेशी राहणारी मुले यांमुळे माझ्या वयाचे वाचक ईमेल नेमाने उघडतात. यादी लहान असली तरी ती कोणत्याही कंपनीच्या नियमबदलाने रात्रीत नाहीशी होत नाही.

आता यंत्राने तयार केलेली उत्तरे शोधाच्या वरच्या बाजूलाच दिसू लागली आहेत. भारतात गूगलने ती सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आणली. ‘ठेव विमा किती’ एवढेच विचारणारा माणूस यापुढे माझ्या पानापर्यंत येईलच असे नाही, आणि त्याच्यासाठी जाहिरात लावून बसण्यात अर्थ नाही. पण शाखेतला अधिकारी ‘सगळ्या वारसांना एकाच वेळी घेऊन या’ म्हणतो आणि एक भाऊ कॅनडात आहे, तेव्हा काय करायचे, हे ज्याने काउंटरच्या आतल्या बाजूला बसून अनेक वर्षे पाहिले आहे त्याच्याकडेच लोक येतात. जाहिरातींचे उत्पन्न घटले तरी या प्रश्नांची मागणी घटलेली नाही.

माझे उत्पन्न कुठून येते, तर ते याच मागणीतून. ज्येष्ठ नागरिक संघ आणि गृहनिर्माण संस्था व्याख्यानाला बोलावतात व मानधन देतात. दाव्याचे कागद नीट लावून हवे असणारे लोक सल्ल्याचे शुल्क देतात. नॉमिनी आणि वारसा यांवरची छापील पुस्तिका यूपीआयने पैसे घेऊन टपालाने पाठवता येते. पुस्तिकेतला बराचसा मजकूर ब्लॉगवर फुकट आहे, तरी ती विकली जाते, कारण आईवडिलांच्या हातात मोबाइलपेक्षा पुस्तिका दिलेली मुलांना बरी वाटते. याशिवाय थेट स्थानिक जाहिरात आहेच. मराठी वाङ्मयाला हा मार्ग नवा नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्यातून सुरू झालेली परंपरा आजवर तगली ती वाचकांच्या जोडीला सराफ, सहकारी बँका आणि कारखानदार यांच्या जाहिरातींवरच. गावातल्या सनदी लेखापालाने किंवा चष्म्याच्या दुकानदाराने वर्षभराच्या एका चौकोनासाठी दिलेली ठोक रक्कम गूगलच्या वर्षभराच्या जमेपेक्षा सहज जास्त भरू शकते. त्यासाठी मात्र त्याच्या दुकानात जाऊन बसावे लागते, आपला वाचक कोण हे सांगावे लागते, आणि नकार ऐकून घ्यावा लागतो. लेखकांना नेमके हेच नको असते.

सगळ्यात सोपे पैसे प्रायोजित लेखाचे असतात आणि माझ्या विषयात तेच सर्वांत घातक आहेत. जादा व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या एका संस्थेने मला ‘आमच्या ठेव योजनेवर अनुभव म्हणून लिहा’ असे सुचवले होते. ते लिहिले असते तर वाचकांनी त्या ठेवी माझ्या शब्दावर ठेवल्या असत्या. नकार द्यायला फार विचार करावा लागला नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पैसे किंवा भेटवस्तू घेऊन लिहिलेला मजकूर जाहिरात म्हणून ठळकपणे दाखवावा लागतो, आणि शेअर किंवा म्युच्युअल फंडांत गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची नोंदणी लागते. कंपनीने वर्षभरात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू दिल्या तर त्यावर जुलै २०२२ पासून १० टक्के करकपातही होते, तेव्हा ‘फुकट मिळालेला मोबाइल’ हा शब्दप्रयोगही तितकासा बरोबर नाही.

राहता राहिले ‘ब्लॉगमधून महिना लाख रुपये’ शिकवणारे वर्ग. अशा वर्गात शिकवणाऱ्याला एवढेच विचारावे की तुमच्या उत्पन्नात ब्लॉगचा वाटा किती आणि या वर्गाच्या फीचा किती. उत्तर स्पष्ट मिळाले तर वर्गात बसायला हरकत नाही. नाही मिळाले तर तेच पैसे स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, काही वर्षांसाठी नोंदवण्यात घालावेत, आणि नोंदवताना पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर न पाहता नूतनीकरणाचा दर पाहावा, कारण तो बहुधा बराच चढा असतो.