शाळेचा टाय मांडीला आवळायला मुलांना शिकवू नका

'शाळा सुरू होतेय, पावसाळा आलाय, प्रत्येक आईने ही आपत्कालीन पेटी घरात ठेवलीच पाहिजे' असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. साप चावला तर काय, भाजलं तर काय, जुलाब लागले तर काय, वीज पडली तर काय, सगळं त्यात आहे. मी तो वाचून सोडून दिला होता. पण संगमेश्वरकडच्या माझ्या वहिनीने त्याबरहुकूम पेटी भरली. त्यात साप चावलेल्या जागी चिरा द्यायला नवं ब्लेड आणि विषावर उतारा म्हणून 'नाजा २००' या होमिओपॅथीच्या औषधाची बाटली ठेवली, आणि विष वर चढू नये म्हणून शाळेचा टाय मांडीला करकचून कसा बांधायचा ते चौथीतल्या भाच्याला शिकवलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे: 'दोन दातांच्या खुणा नसतील तर साप बिनविषारी, काळजी नको.' हे लिहिणाऱ्याला मण्यार माहीतच नसावी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात इतके बारीक की खूण बऱ्याचदा दिसतच नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही, कित्येकदा झोपमोडही होत नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, घसा दुखतो. मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. आता जूनमधली शाळेची सकाळ आठवा. पोरगं म्हणतं, पोटात दुखतंय. आपण म्हणतो, शाळा बुडवायचं निमित्त. जमिनीवर झोपलेलं मूल पावसाळ्यात पहाटे असं सांगत असेल तर आधी त्याच्या पापण्या बघा, त्याला घोटभर पाणी गिळता येतंय का बघा. शंका आली की निघा. खुणा शोधत बसू नका.

आता तो टाय. घोणस किंवा फुरसं चावलं की चावलेला भाग आधीच सुजतो, तिथलं मांस विषाने खराब होत असतं. त्यावर घट्ट आवळलं तर रक्तपुरवठा तुटतो आणि पाय गमावायची वेळ येऊ शकते. शिवाय आवळलेलं एकदम सोडलं की साठलेलं विष एकदम अंगात जातं. म्हणून कुणी आधीच बांधलं असेल तर रस्त्यात सोडू नका, दवाखान्यात डॉक्टर तयारीनिशी सोडतील. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सर्पदंश उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे: आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. रुग्णाला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका, ताबडतोब रुग्णालय गाठा आणि वाटेत दिसलेली लक्षणं डॉक्टरांना सांगा. मूल चालत येता कामा नये, उचलून आणा. पायाला फळी लावून ओढणीने सैलसर बांधा. हातातलं कडं, पायातले पैंजण सूज यायच्या आत काढा.

ब्लेडबद्दल एवढंच. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. अशा मुलाला तुम्ही घरात चिरा देणार?

नाजा २०० चं काय? शंभरात एक असं २०० वेळा पातळ केलेलं ते औषध. अशा बाराएक पायऱ्यांनंतरच मूळ पदार्थाचा एकही रेणू उरायची शक्यता जवळपास संपते. 'आमच्याकडे गुण आला' असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, हे मला मान्य करावंच लागेल. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडत नाही. ती माणसं काहीही न देता वाचलीच असती. पण ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय, त्याची तीन थेंबांच्या भरवशावर गेलेली वेळ परत मिळत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस, म्हणजे चावल्यावर द्यायचं प्रतिविष, आहे, ती शिरेतून द्यावी लागते आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. म्हणूनच 'साप मारून सोबत न्या' हा सल्लाही निरर्थक. साप मारण्याच्या नादात दुसऱ्यालाही चावा बसतो.

हे किरकोळ नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि पाव हिश्शाहून जास्त पंधरा वर्षांखालच्या मुलांचे.

बाकीचे मुद्दे भराभर उरकते. भाजल्यावर टूथपेस्ट नको, वीस मिनिटं वाहतं गार पाणी. जुलाबात पाणी बंद करणं म्हणजे मुलाचा जीव धोक्यात घालणं. ओआरएस द्या, पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावा, श्वास बघा, छाती दाबायची गरज असेल तर लगेच सुरू करा.

पेटी ठेवण्याची कल्पना मात्र चांगली आहे, तेवढं श्रेय त्या मेसेजला देते. ब्लेड आणि बाटली काढा. बॅटरी, ओआरएस, जखमेच्या पट्ट्या, लांब ओढणी ठेवा. मुलांना शक्यतो खाटेवर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. उन्हाळाभर कोपऱ्यात पडलेले शाळेचे बूट झटकल्याशिवाय पायात घालू देऊ नका, आत विंचू असतो.

दप्तरात नाव-फोनची चिठ्ठी ठेवा असंही त्यात आहे. जरूर ठेवा. त्यावर १०८ लिहा, आणि सर्पदंशाची लस असलेल्या जवळच्या रुग्णालयाचं नावही. ते आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर ग्रामीण रुग्णालय की थेट जिल्हा रुग्णालय. वहिनी उद्या विचारायला जातेय.