ड्राइव्ह घरी, लॅपटॉप खांद्यावर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लहान लॅपटॉप कसा निवडावा या माझ्या लेखात 'सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह नाही म्हणून अडून बसू नका' असं एक वाक्य होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की मी कंपन्यांची तळी उचलते आहे. आधी ड्राइव्ह काढून घ्यायचा, मग तोच दीड-दोन हजारांना वेगळा विकायचा आणि वर त्याला सोय म्हणायचं. तुमच्या घरात मुलीच्या लग्नाच्या डीव्हीडी आहेत, काकूंच्या एमआरआयची सीडी आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या व्हीसीडी आहेत. त्यांचं काय करायचं, हे लेखात कुठेच नाही, असं तुमचं म्हणणं. हे अगदी खरं आहे. त्या एका वाक्यावर मी विषय संपवायला नको होता, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. तुमचा राग मला पटतो. जानेवारी २००८ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर हा लॅपटॉप बाहेर काढून दाखवला, तेव्हा त्यात ड्राइव्ह नव्हता आणि बाहेरून जोडायचा ड्राइव्ह ९९ डॉलरना वेगळा होता. लहान यंत्रात ड्राइव्ह बसतच नाही, असंही नाही. त्याच वर्षी लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स३०० मध्ये जेमतेम ७ मिलिमीटर जाडीचा ड्राइव्ह बसवलेला होता. पॅनासॉनिकच्या 'लेट्स नोट' लॅपटॉपमध्ये तर तळहात टेकतो तिथलंच झाकण उघडून सीडी ठेवायची सोय पुढे कित्येक वर्षं होती. पण ही यंत्रं महागडी होती, आणि लेट्स नोट तर मुख्यतः जपानमध्येच विकले गेले. आपल्या बजेटमधल्या लॅपटॉपमध्ये नेहमी असायचा तो ९.५ किंवा १२.७ मिलिमीटर जाडीचा ड्राइव्ह.

आणि खरी अडचण या ड्राइव्हच्या जागेची आहे. तुम्ही विचारलंत, 'दीडशे ग्रॅमसाठी एवढा आटापिटा?' सीडी १२ सेंटिमीटरची, त्यामुळे तिचा ड्राइव्ह जवळपास १३ सेंटिमीटर लांब-रुंद. १३ इंची लॅपटॉपचं अंग धरा ३० बाय २१ सेंटिमीटर. म्हणजे पाव भाग एकट्या ड्राइव्हने अडवला. उरलेल्या जागेत बॅटरी, पंखा, मदरबोर्ड सगळं कोंबायचं. मग एकतर बॅटरी लहान करा, नाहीतर लॅपटॉप मोठा आणि जाड करा. बहुतेक वेळा मोठाच झाला. ड्राइव्ह असलेले १५ इंची लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोंचे असायचे ते यामुळेही.

हे मी खांद्याने मोजलेलं आहे. मी हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते. आठवड्यातले चार दिवस डोंबिवलीहून लोकलने जाते, बॅग पाठीवरून काढून छातीशी धरून. जुना लॅपटॉप २.४ किलोचा, चार्जर वेगळा. सहा वर्षं तो वागवला. शेवटच्या वर्षात त्याचा ड्राइव्ह मी किती वेळा उघडला ते आठवून पाहिलं : तीनदा. तिन्ही वेळा घरीच. आताचा लॅपटॉप १.३ किलोचा आहे आणि ड्राइव्ह कपाटात असतो. तुम्हीच लिहिलंय की साताऱ्याहून मुलाकडे पुण्याला वर्षातून चार-पाच वेळा एसटीने जाता आणि तिथे लॅपटॉप लागतो. मग ओझं तुमच्याही खांद्यावर आहेच. ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही त्यांनी लहान लॅपटॉपच्या भानगडीत पडू नये. त्यांच्यासाठी ड्राइव्ह असलेला डेस्कटॉप बरा.

आता तुमच्या डिस्कविषयी, कारण मला काळजी त्यांचीच जास्त वाटते. दुकानात मिळणारी गाण्यांची सीडी कारखान्यात छापलेली असते. लग्नाची, एमआरआयची, स्नेहसंमेलनाची डिस्क बहुधा संगणकाच्या रायटरवर, म्हणजे डिस्कवर लिहू शकणाऱ्या ड्राइव्हवर, लिहिलेली असते. अशा डिस्कमध्ये रंगद्रव्याचा एक थर असतो आणि माहिती त्या थरावर उमटलेली असते. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होत जातो. वरून डिस्क नवीकोरी दिसते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सीडीचा चकचकीत भाग आपण जपतो, पण माहितीचा थर असतो वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, पातळशा लॅकरखाली. तिथे बॉलपेनने दाबून लिहिलं किंवा चिकटवलेलं लेबल ओढून काढलं की सीडी गेली. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती तेवढी नाजूक नसते.

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी होत्या, मखमली पेटीत, कधी न वापरलेल्या म्हणाव्यात अशा. गेल्या पावसाळ्यात कॉपी करायला बसले. पहिली बारा-तेरा मिनिटांत झाली. दुसरी ६१ टक्क्यांवर थांबली. ड्राइव्ह घरघरायचा, थांबायचा, पुन्हा घरघरायचा. त्या डिस्कवर सप्तपदी होती आणि सप्तपदीत आमची आजी होती. आजीचं चालतंबोलतं चित्रीकरण आमच्याकडे तेवढंच. डिस्क मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे पुसली, गोल फिरवून नाही. तरी तेच. मग शेजारच्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपमधल्या जाड ड्राइव्हमध्ये घातली आणि तिथे ती सावकाश, तासाभरात, पूर्ण वाचली गेली. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा वाचू शकतो, हे लक्षात ठेवा. फेकून देऊ नका.

तुमच्या लग्नाच्या डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) नावाचं फोल्डर दिसेल. ते आख्खंच्या आख्खं कॉपी करा, आतल्या फायली सुट्या सुट्या नकोत. व्हीएलसी हा मोफत प्लेअर ते फोल्डर सरळ चालवतो. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही (MPEGAV) या फोल्डरमध्ये डॅट (.DAT) फायली असतात, त्याही व्हीएलसीवर चालतात. एका डीव्हीडीला साधारण ४.७ जीबी धरा, म्हणजे ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर तुमच्या बारा डिस्क आरामात मावतील. पण एकाच ठिकाणी ठेवू नका, दुसरी प्रत मुलाकडे पुण्याला असू द्या.

एमआरआयच्या सीडीचं थोडं वेगळं आहे. तीही पूर्ण कॉपी करा, डायकॉमडिर (DICOMDIR) नावाच्या फाइलसकट. ती म्हणजे सीडीवरच्या चित्रांची यादी. नाहीतर डॉक्टरांकडे चित्रं नीट क्रमाने उघडायला अडचण येऊ शकते. आणि तुम्ही म्हणता, 'डॉक्टरांनी सीडी मागितली तर?' माझा अनुभव उलटा आहे. वडिलांची सीडी घेऊन आम्ही एका तज्ज्ञांकडे गेलो तर त्यांच्याच संगणकाला ड्राइव्ह नव्हता. बाबा बाकावर बसून राहिले आणि मी खाली जाऊन झेरॉक्सवाल्याकडून पेनड्राइव्हवर कॉपी करून आणली. आता मूळ सीडी आणि पेनड्राइव्ह दोन्ही बाबांच्या रिपोर्टच्या फायलीतच ठेवते.

विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर, हा तुमचा पुढचा प्रश्न. त्यालाही डिस्क लागत नाही, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तुमच्या गावाकडे नेट धड चालत नाही, म्हणून तो पुण्यात असताना करून ठेवा. प्रिंटरचं सॉफ्टवेअरही त्याच खेपेत उतरवून घ्या.

लेखात राहून गेलेली अजून एक गोष्ट म्हणजे यूएसबीची भोकं. ड्राइव्ह नसलेला लॅपटॉप घेताना हे आधी मोजा. माझं डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखंच दिसतं) एक भोक अडवतं, माऊस दुसरं. काही लहान लॅपटॉपमध्ये फक्त दोन टाइप-सी असतात आणि त्यातलं एक चार्जरला जातं. जुन्या पद्धतीचं रुंद भोक निदान एक तरी हवंच. त्यातही यूएसबी ३ असेल तर उत्तम, कारण यूएसबी २ चं भोक नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर वीज देतं आणि यूएसबी ३ चं ९००. डिस्क फिरायला लागते तेव्हा ड्राइव्हला जास्त वीज लागते. ती मिळाली नाही की नुसती टकटक ऐकू येते आणि ड्राइव्ह दिसेनासा होतो. स्वस्तातल्या हबला (एका भोकाची अनेक करणाऱ्या डबीला) जोडला तर हमखास असं होतं. ड्राइव्ह थेट लॅपटॉपलाच लावा. दोन तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

आणि आता ते दीड-दोन हजार. तुमच्या जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन गेलाय पण ड्राइव्ह चालतो, असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. मग नवीन घेऊच नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो ड्राइव्ह खालच्या बाजूच्या एका स्क्रूवर असतो. स्क्रू काढला की बाजूला सरकून बाहेर येतो. त्याला यूएसबीची केस मिळते, काही शे रुपयांत, आणि तो बाहेरून जोडायचा ड्राइव्ह होतो. केस घेण्याआधी ड्राइव्हची जाडी पट्टीने मोजा, ९.५ आहे की १२.७ मिलिमीटर, आणि मागची जोडणी साटाची, म्हणजे अलीकडच्या पद्धतीची, आहे ना ते दुकानदाराला दाखवून घ्या. फार जुना असेल तर आयडीईची निघेल, त्याची केस वेगळी असते. काढताना अडलात तर ड्राइव्हवरच्या लेबलचा फोटो पाठवा, मी बघून सांगते. तोवर लग्नाच्या डीव्हीडी खिडकीजवळच्या कपाटात असतील तर तेवढ्या आजच आतल्या खोलीत हलवा.