पोच देऊ नका, भाऊ

भाऊ, नगरपालिकेत निवडून आलात. मिरवणुकीचा गुलाल निघाला असेल आणि सत्काराच्या शाली कपाटात गेल्या असतील, तर एकदा मुख्याधिकाऱ्यांकडून कोर्टकचेरीच्या फायली मागवा. गठ्ठा पाहून दचकू नका. नगरपालिकेविरुद्ध हायकोर्टात जायचं तर खान्देशातल्या माणसाला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ गाठावं लागतं. जळगावकराला अजिंठ्याचा घाट, धुळेकराला कन्नडचा, आणि नंदुरबारच्या माणसाला तर आधी धुळं. वर वकिलाची फी. निम्मा संताप घाटातच उतरतो.

मात्र पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावा. आवक टेबलावर अर्जाची पोच द्यायची नाही. कुणी लिहून आणलं की चौकातला निंब रस्त्यावर कलला आहे, तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, सोमवारी या’ म्हणायचं. सोमवारी बाबू रजेवर. अर्जावर शिक्का पडला की तुम्हाला निंबाची माहिती होती, आणि माहिती हीच सगळ्या दाव्यांची आई. राजकोटला रस्त्याकडेचं झाड कोसळून एक माणूस दगावला होता. घरच्यांनी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ साली महापालिका सुटली. झाड पडेल याची कल्पना असायला हवी होती आणि तरी हयगय झाली, हे दिसायला हवं, असा एकूण सूर होता. आपण घ्यायचा बोध उघड आहे: कल्पना येऊ द्यायची नाही. झाडांची पाहणी करणारा उत्साही इंजिनिअर असेल तर त्याला जन्म-मृत्यू नोंदणीला बसवा. तिथेही त्याचं काम वाढेलच.

कायदाही तुमच्या बाजूला झुकलेला आहे. पालिकेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हावा लागतो. ज्या घरातला कर्ता गेला तिथे दहावं, तेरावं, विम्याचे कागद, शेताचा वारस लावणं यात सहा महिने जातात. वकिलाची आठवण वर्षश्राद्धाला होते. तेव्हा तुमच्या वकिलाने फक्त तारीख मोजायची.

‘निधी नाही’ हे उत्तर मात्र जपून वापरा. तिकडे वर माळव्यात रतलामच्या नगरपालिकेने उघड्या गटारींबद्दल तेच सांगून पाहिलं आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांच्या हाती सापडली. पैसे नाहीत म्हणून गटार न बांधण्याची सूट मिळत नाही, असं ठरलं. तेव्हापासून जाणते लोक ‘निधी नाही’ म्हणत नाहीत, ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’ म्हणतात. ‘वर’ कुठे, हे अजून कुठल्या न्यायालयाने विचारलेलं माझ्या पाहण्यात नाही.

खरी काळजी खड्ड्यांची. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस गेला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. पैसे आधी संस्थेने द्यायचे आणि मग जबाबदार अधिकाऱ्याकडून, ठेकेदाराकडून वसूल करायचे. आजवर भरपाई घरपट्टीतून जात होती, म्हणजे खड्ड्यात पडणाराच तिचा वाटेकरी होता, त्यामुळे कुणाची झोप उडत नव्हती. आता अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा आला आहे. धीर द्या त्यांना. भरपाई ठरवणाऱ्या समितीत आयुक्त किंवा मुख्याधिकारी असतातच, सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. सचिवांना चहा द्या आणि खड्डा कुणाचा, हा विषय काढा. तो सार्वजनिक बांधकामचा की महामार्गवाल्यांचा? अमृत योजनेच्या पाइपासाठी खोदला होता की केबलसाठी? जळगावात तर राष्ट्रीय महामार्ग शहराच्या पोटातून जातो आणि समांतर रस्त्यांसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली, तिथे खड्ड्याचं पितृत्व ठरवायला वेळ लागणारच. ते ठरेपर्यंत दोन ट्रॅक्टर मुरूम टाका. खड्डाही बुजतो, पुरावाही बुजतो, आणि मुरमाचं बिल वेगळं निघतं.

मोकाट कुत्र्यांचं आपल्याकडे अजून बरं चाललंय. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये चाव्याची भरपाई दातागणिक किमान १० हजार ठरवली. तसं इथे झालं तर दात मोजायला कंत्राटी माणूस नेमावा लागेल, आणि तो कुणाचा भाचा असेल यावर सभेत भांडण.

सभेवरून आठवलं. ठरावाला हात वर करताना विषय वाचायची सवय नसेल तर निदान हात अर्धाच वर करा. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांच्या घरांच्या योजनेतल्या घोटाळ्यात, धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यात माजी नगरसेवकांची रांग होती. अपिलं झाली, तो पुढचा भाग. पण ‘नेत्याने सांगितलं म्हणून’ हा बचाव इतिवृत्तात लिहिलेला नसतो. तेव्हा अवघड विषय ऐनवेळी आला की चहाला बाहेर पडा, शेवभाजीची चौकशी करा, हजेरीवर सही मात्र आधी ठेवा, भत्ता बुडायला नको.

एका बाबतीत कायदा धावतो, तेवढं सांभाळा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांवर सरकारी जागेतल्या घरात सासूबरोबर राहण्याचा आरोप झाला आणि पद गेलं. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, कुठेच दाद मिळाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना खुर्ची परत दिली आणि बाई सरपंच झाल्याचं गावाला पचलं नाही, हे स्पष्ट बोलून दाखवलं. गटारीच्या अर्जाला पोच न देणारी यंत्रणा अशा तक्रारीवर कशी झटपट चालते, हे तुमच्या पॅनलला ठाऊक असेलच. विरोधकांनाही ठाऊक आहे. स्वतःचं किंवा बायकोचं बेकायदा बांधकाम निघालं तर नगरसेवकपदही जातं. तेव्हा पहिल्या सभेआधी घरापुढचा ओटा मोजून घ्या. समोरच्या गटाचा पोरगा टेप लावून गेलेला असेल, आणि त्याने त्याच्या अर्जाची पोचही घेतलेली असेल.