पत्रिकेवर लिहा : वाद्यं ट्रॅकवर

गेल्या गणपतीत आमच्या भागातल्या एका मंडळानं जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. पत्रिकेवर ठळक अक्षरांत ‘लाइव्ह ऑर्केस्ट्रा’. जाऊन बघतो तर स्टेजवर एक लॅपटॉप, दोन गायक आणि एक ऑक्टोपॅडवाला. तो बिचारा जीव तोडून वाजवत होता, पण लॅपटॉपवरच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतात, तबला आधीच होता.

दुसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतले एक काका मुखड्यावर इतके खूश झाले की ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणून उभे राहिले. गायिकेनं हसून हात वर केला. तेवढ्यात मधलं म्युझिक संपलं आणि अंतरा तिला अर्ध्या ओळीपासून पकडावा लागला. तिची काहीच चूक नव्हती. मागे वादक बसला असता तर तो तिचा हात बघून मुखड्यावर परत आला असता.

बावीस वर्षं मी तबला-ढोलकी वाजवतोय. गायकाचा दम कमी पडला की एक आवर्तन ठेका धरून ठेवायचा, लोक रंगले की लय किंचित चढवायची, कुणी चुकून लवकर उचललं तर सम सांभाळून घ्यायची. हे सगळं नजरेनं चालतं. पेन ड्राइव्हमधल्या तबल्याला समोरचं दिसत नाही. पट्टीचंही तेच. ट्रॅक ओढून दोन-तीन स्वर खाली आणला की त्यातली बासरी घोगरी होते, ऐकवत नाही.

तरी ट्रॅक नकोच असं मी म्हणणार नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आज घरोघरी आहे, लेहऱ्याच्या, म्हणजे तबल्याच्या साथीला तीच धून फिरवत ठेवणाऱ्या मशीनवर मी स्वतः रियाज करतो. आमच्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाचं भाडं, साउंड, लाइट भागवून छोट्या संचानं दहा व्हायोलिनवाले कुठून आणायचे? आणि नोकरीतून निवृत्त होऊन कराओकेवर गाणारी मंडळी तर मला मनापासून आवडतात. चाळीस वर्षं राहून गेलेली हौस आहे ती. कराओके या जपानी शब्दाचा अर्थच ‘रिकामा वाद्यवृंद’. तिथं कुणी कुणाला फसवत नाही.

फसवणूक होते ती गळ्याची. एका कार्यक्रमात आयोजकांनी आम्हाला सांगितलं, मूळ आवाजाचा ट्रॅक खाली हळू लावून ठेवा, गायक वरच्या सुरात घसरला तर कळायला नको. मी नाही म्हणालो. त्या मंडळाचं बोलावणं पुन्हा आलं नाही, पण आजही तेच म्हणेन. मिली व्हॅनिली या पॉप गायकांच्या जोडीला १९९० मध्ये ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी काढून घेतलं गेलं, कारण रेकॉर्डवर त्यांचा आवाजच नव्हता. युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेत आज वाद्यं ट्रॅकवर चालतात, पण मुख्य आवाज जागेवरच गावा लागतो. ही रेघ मला पटते.

आणखी एक गोष्ट मला आतून खाते. आम्ही शिकलो ते स्टेजवर, मोठ्यांच्या मागे बसून, शिव्या खाऊन. आज माझ्याकडे शिकणारी पोरं हाताची चांगली आहेत, पण त्यांना बसायला मागची जागाच उरलेली नाही.

म्हणून मंडळांना, आयोजकांना हात जोडून सांगतो : ट्रॅक लावा, पण तसं छापा. आणि जमलं तर निदान एक तबलजी ठेवा.

येत्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमचा छोटा कार्यक्रम आहे. पत्रिका काल छापायला दिली. त्यात लिहिलंय : हार्मोनियम, तबला, ढोलकी समोर, व्हायोलिन ट्रॅकवर.