वेगळी चूल

घरच्यांशी फोनवर बोलताना तोच वाद पुन्हा निघाला: स्त्री-साहित्याची वेगळी चूल हवीच कशाला? साहित्य चांगलं असतं किंवा वाईट. अनेक लेखिकाही हेच म्हणतात, आणि त्यांची भीती मला कळते. 'बायकांचं लिखाण' म्हटलं की समीक्षकाला पुस्तक न वाचताच बाजूला ठेवता येतं.

लंडनमध्ये राहायला आल्यापासून मात्र माझं मत पालटलं. इथे फक्त बायकांचं लेखन छापणारी व्हिरागो ही प्रकाशनसंस्था १९७३ साली सुरू झाली. १९७८ पासून तिने विस्मरणात गेलेल्या लेखिका हिरव्या कण्याच्या पुस्तकमालेतून परत आणल्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो हिरवा रंग लांबूनही ओळखू येतो. त्यातली पुस्तकं वाचताना पुन्हा पुन्हा वाटतं, हे इतकी वर्षं कुणी छापलं कसं नाही?

आपल्याकडे तर ताराबाई शिंदे आहेत. बाईच्या माथी मारलेला एकेक दोष उचलून, तो पुरुषात नाही का, असा रोखठोक जाब विचारणारी त्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापली गेली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक जवळजवळ विसरलंच गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तोवर ९३ वर्षं गेली होती. त्या सगळ्या काळात साहित्याची चूल एकच होती ना? मग ताराबाईंचं पान कुणी वाढलं नाही, ते का?

इथलं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. इथल्या त्या मालेला छापील पुस्तक लागतं. आपल्याकडे अक्षरओळख नसलेल्या बायकांनी जात्यावर कविता रचली. हेमा राईरकर, गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी जाऊन अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. २०२५ च्या दिल्लीतल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर यांनीही लोकसाहित्यातली बाई शोधण्यात आयुष्य घातलं. १८७८ पासूनच्या ९८ संमेलनांत अध्यक्षपद मिळालेल्या त्या केवळ सहाव्या स्त्री.

ओवीला आपण 'लोकसाहित्य' म्हणतो आणि कवितेला 'साहित्य'. ही वाटणी करताना ओवी रचणारीला कुणी विचारलं नव्हतं. मला जात्यावरची ओवी आणि ताराबाई एकाच अभ्यासपत्रिकेत हव्या आहेत, शेजारी शेजारी.